फराळ आणि चौरस फूट

महाराष्ट्रातील दिवाळीचा फराळ हा मुळात ऐसपैस घराचा पदार्थसमूह आहे, ही गोष्ट पाककृतींच्या पुस्तकांत कोठे स्पष्टपणे सांगितलेली नसली तरी प्रत्येक कृतीत ती गृहीत धरलेली असते. पोहे उन्हात पसरावेत असे कृती सांगते तेव्हा दारी अंगण आहे असे ती धरून चालते. तांदूळ सावलीत फडक्यावर सुकवावेत असे म्हणते तेव्हा तिच्या डोळ्यांपुढे माजघर असते. आणि जिन्नस पूर्ण गार झाल्यावर डब्यांत भरावेत असा आदेश देते तेव्हा ते गार होईपर्यंत पसरून ठेवायला जागा कोठून आणावी, हा प्रश्न तिला पडलेलाच नसतो. कमलाबाई ओगले यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ‘रुचिरा’ने वाटी-चमच्याची मापे मराठी स्वयंपाकघरांत रुजवली, ही मोठीच सोय झाली; चौरस फुटांचे माप मात्र ज्याचे त्याने सोडवायचे राहिले.

हे गणित मुंबईने ज्या निष्ठेने सोडवले त्याचा अभ्यास करण्यास बीडीडी चाळी सोयीच्या आहेत. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट या सरकारी खात्याने १९२०च्या दशकात वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथे बांधलेल्या या तीन मजली इमारतींत मजल्याच्या मधोमध एक लांब बोळ आणि त्याच्या दोन्ही अंगांना खोल्या अशी रचना असून, एका कुटुंबाच्या वाट्याला सुमारे १६० चौरस फूट येतात. सहा फूट लांब आणि तीन फूट रुंद अशी साधी खाट धरली तरी १८ चौरस फूट एका फटक्यात वजा होतात. त्यानंतर कपाट, ओटा आणि मोरी (म्हणजे खोलीच्याच कोपऱ्यातील तो बुटक्या कठड्याचा भाग, जेथे भांडीही घासली जातात आणि अंघोळीही होतात) यांची वजाबाकी केल्यावर जी फरशी उरते तिच्यावर, सरासरी पाच-सहा माणसे झोपत असलेल्या घरात, पाच-सहा प्रकारचा फराळ सिद्ध व्हायचा असतो.

तो सिद्ध होतो, आणि दरवर्षी होतो. याचे कारण असे की वाड्यातील खोल्या जागेत असतात, तर चाळीतील खोल्या घड्याळात असतात. सकाळी खाटेवर जुने धोतर अंथरून अनारशाचे तांदूळ पसरले की ती खाट माजघर होते. दुपारी पुरुषमंडळी कामावर आणि मुले शाळेत गेल्यावर फरशीवर वर्तमानपत्रे अंथरून चकल्या पाडल्या की ती फरशी मुदपाकखाना होते. संध्याकाळी तीच पुसून काढली की दिवाणखाना आणि रात्री गाद्या घातल्या की शयनगृह. या वेळापत्रकात एखादा पाहुणा दुपारी तीन वाजता अवचित आला, तर तो घरात येत नसून चकल्यांत येतो. त्याला दारातच उभे राहून बोलावे लागते, आणि शेगडीच्या दोनपैकी एका बर्नरवर तेल तापलेले असल्याने दुसऱ्यावर ठेवलेला चहा घाईने त्याच्या हातात पडतो.

जागेच्या खालोखाल महत्त्वाचा प्रश्न वाऱ्याचा आहे. पावसाळा परतला की मुंबईत जो दमट उकाडा सुरू होतो, नेमक्या त्याच दिवसांत करंज्या येतात. करंजीची पारी (पिठाची पातळ लाटलेली चकती) वाऱ्याने सुकते, सुकली की तिच्या कडा चिकटत नाहीत, आणि कडा चिकटल्या नाहीत की सारण तेलात उतरून पुढचा सगळा घाणा, म्हणजे कढईत एका वेळी तळला जाणारा वाटा, करपट होतो. शिवाय पंख्याने शेगडीची ज्योतही फडफडते. म्हणून पंखा बंद करावा लागतो. दार उघडे ठेवावे तर बोळात वारा नसतो आणि वासाची वार्ता मात्र क्षणात विसाव्या खोलीपर्यंत पोहोचते. कातण्याने, म्हणजे त्या दातेरी चाकाने, करंजीची कड कापणाऱ्या स्त्रीच्या कपाळावरील घाम पुसायला दुसरे कोणी लागते, कारण तिचे दोन्ही हात पिठाचे असतात. आणि पंखा जरासा लावू का, असे विचारणाऱ्या पुरुषाचे त्या दिवशी घरात काय स्थान असते, याविषयी विद्वानांत मतभेद नाहीत.

अनारसा हा तर सणाच्या आधी आठवडाभर राहायला येऊन जागा अडवणारा पाहुणाच होय. त्याचे तांदूळ तीन दिवस रोज पाणी बदलत भिजत घालायचे, मग निथळून, सुकवून, किंचित दमट असतानाच कुटायचे, गूळ मिसळून ते पीठ काही दिवस मुरवत ठेवायचे आणि एवढे झाल्यावर खसखशीची बाजू वर ठेवून एकाच अंगाने तुपात तळायचे. तरीही पिठात गूळ थोडा अधिक पडला असेल तर तो कढईत जाताक्षणी जाळीसकट विखुरतो, ज्याला अनारसा हसला असे म्हणतात. त्या वेळी घरात दुसरे कोणी हसत नाही.

चकलीच्या भाजणीची तऱ्हा निराळी. तांदूळ आणि डाळी वेगवेगळ्या भाजून गिरणीत न्याव्या लागतात आणि तेथे रांगेत आपल्या पुढे कोण आहे यावर सणाचे भवितव्य ठरते, कारण भाजणी गव्हावर दळू नये, नाहीतर चकलीचा खुसखुशीतपणा जातो, अशी दृढ श्रद्धा आहे. पुढचा डबा गव्हाचा निघाला की शहाणी बाई मागच्या तांदूळवालीला हसतमुखाने आधी जाऊ देते. एरवी पाण्याच्या नळावर असे औदार्य दिसत नाही.

सरकारने या सर्व खटाटोपाची दखल घेतलेली नाही असे नव्हे. २०२२च्या दिवाळीत राज्य शासनाने ‘आनंदाचा शिधा’ या नावाने शिधापत्रिकाधारकांना १०० रुपयांत रवा, हरभरा डाळ आणि साखर प्रत्येकी एक किलो व पामतेल एक लिटर देऊ केले. रव्याचे लाडू कोठे वळावेत याविषयी त्या योजनेत काही नव्हते, हे खरे. पण लाडू ही चाळीच्या दृष्टीने अत्यंत समंजस वस्तू आहे. तो मांडीवर घेतलेल्या परातीत वळता येतो आणि डब्यात एकावर एक बसतो.

पेयांचे प्रकरण थोडक्यात आटोपते, कारण ते खोलीबाहेर आटोपते. आश्विन पौर्णिमेला, म्हणजे लक्ष्मीपूजनाच्या पंधरवडाभर आधी, कोजागरीचे मसाला दूध असते. केशर, चारोळी, जायफळ घालून दूध आटवायला वेळ लागतो आणि दूध जितके आटते तितकी वाफ १६० चौरस फुटांत साठते. शिवाय दुधात चंद्र दिसावा अशी अपेक्षा असते, आणि बोळातील खोलीतून चंद्र दिसणे स्थापत्यदृष्ट्या अशक्य असते. त्यामुळे पातेले दोघांनी धरून गच्चीवर नेले जाते. प्रत्येक जिन्यावर त्यातील पातळी थोडी उतरते, आणि ती केवळ हिंदकळण्यामुळेच उतरते असे मानण्याचा प्रघात आहे.

नरक चतुर्दशीला पहाटे उटणे लावून अभ्यंगस्नान करायचे आणि ते करायचे त्याच मोरीत, जेथे आदल्या रात्रीची तेलकट कढई पालथी पडलेली असते. म्हणून तळण कितीही लांबले तरी कढई रात्रीच घासली जाते. स्नानानंतर ताटे मांडली जातात, पण ती केवळ घरच्यांसाठी नसतात. विणलेल्या रुमालाखाली झाकलेली ताटे बोळातून दारोदार जातात आणि रिकामी परत येत नाहीत. या देवाणघेवाणीकडे शेजारधर्म म्हणूनच पाहिले जाते. वस्तुतः ती साठवणुकीची व्यवस्था आहे, कारण ज्या घरात डब्यांना फळीवर, खाटेखाली आणि पोटमाळ्यावरही जागा उरलेली नाही, त्या घराचा फराळ दुसऱ्याच्या पोटात ठेवणे हाच त्यातल्या त्यात सोयीचा मार्ग होय.

फराळ संपण्याचाही क्रम ठरलेला असतो: आधी चकल्या, मग करंज्या, मग चिवड्यातील शेंगदाणे आणि नंतर उरलेला चिवडा. शंकरपाळे मात्र तुळशीच्या लग्नापर्यंत हटत नाहीत. ते प्रत्येक घरी झालेले असतात आणि प्रत्येक घर ते ताटात घालून पुढे सरकवते. त्यामुळे आपल्याच घरचे, एका कोपऱ्याला जरा जास्त भाजलेले शंकरपाळे तीन दारे फिरून चौथ्या ताटातून परत येते. गृहिणी ते अचूक ओळखते, ताट आणणाऱ्या मुलीला “आईला सांग, छान झालेत हो” असा निरोप देते, आणि बोळाच्या दुसऱ्या टोकाला कोणाकडे अजून पाठवायचे राहिले आहे याचा विचार करू लागते.