वारसनोंद

धाराशिव जिल्ह्यातल्या जाणत्या बापांनी आता वारसाहक्काचा विषय मनावर घ्यावा. जमीन वाटून वाटून गुंठ्यांवर आली. अखंड उरला तो माळ्यावरचा, १९९०च्या दशकातला टीव्ही गेम. त्यातला 'सुपर मारिओ' १९८५चा, 'कॉन्ट्रा' १९८७चा, म्हणजे वडिलोपार्जितच. तलाठ्याने त्याचाही फेरफार धरावा: थोरल्याला रिमोट, धाकट्याला कॅसेट, लेकीला कॅसेटमध्ये फुंकर मारण्याचा वहिवाटीचा हक्क. कॅसेटवर '९९९९ इन १' छापलंय. आत तेच सहा गेम, नावं बदलून. सातबारा वाचणाऱ्यांना यात वावगं वाटणार नाही.

परवा मुलाने तो खाली काढला आणि विचारलं, "खेळू का?"

हात झटकला त्याचा. म्हटलं, "वारसा आहे तो. मी गेल्यावर खेळ."