निफाडच्या पाऱ्यावर डोळा

डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा पाच अंशांखाली गेल्याची बातमी आली की द्राक्षबागाईतदाराच्या पोटात गोळा येतो. बागेत शेकोट्या पेटतात. त्याच बातमीने नाशिकमधला एक माणूस मात्र खूश होतो. तो इंदिरानगरात राहतो, किंवा सिडकोत, किंवा गंगापूर रोडच्या एखाद्या सोसायटीत. रात्री अकराला तो खोलीच्या खिडक्या सताड उघडतो, कानटोपी चढवतो, कॅबिनेटचं झाकण काढून कॉटवर ठेवतो आणि घरच्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर कंपनीने नेमून दिलेल्या वेगाच्या पुढे पळवायला बसतो. खोलीतली हवा दहा अंशांनी उतरली की आतली चिपही साधारण तेवढीच उतरते, हे त्याला पाठ असतं. मे महिन्यात नाशिक चाळिशीला टेकलं की वेग निमूटपणे खाली येतो. आईने त्याचा नाद केव्हाच सोडलेला असतो. ती एवढंच म्हणते, "दार तरी लोटून घे रे, गारठा आत येतोय."

नोकरीच्या ठिकाणी हा अत्यंत सरळमार्गी. अंबड किंवा सातपूरच्या कारखान्यात प्रोसेस शीटवर स्पिंडलचा जो वेग लिहिलाय, तो दहा आरपीएमने वाढवायचा म्हटलं तरी हा सुपरवायझरची सही मागेल. घरी आला की मात्र कंपनीने छापलेला प्रत्येक आकडा त्याला स्वतःचा अपमान वाटतो. गोदावरीला पूर आला की नाशिककर पाणी फुटांत विचारत नाही, नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं ते विचारतो. तशी या मंडळींची विचारपूसही ठरलेली. "किती?" "लोडवर बहात्तर अंश." संपलं. बायकामुलं बरी आहेत का, हा प्रश्न नंतर, वेळ उरला तर.

परंपरा जुनी आहे. १९९८ साली इंटेलचा सेलेरॉन ३००ए आला. त्याच्या बसचा वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की ३०० चा प्रोसेसर बिनबोभाट ४५० वर चाले. त्याच वर्षी थ्रीडीएफएक्सच्या व्हूडू-२ ने दोन ग्राफिक्स कार्डं जोडून चालवायची सोय केली. फुकटात दीडपट आणि एकाला एक जोडून दुप्पट, ही दोन्ही स्वप्नं एकाच साली जन्मली. आपला माणूस तेव्हा बालवाडीत होता, पण त्या काळाबद्दल तो असा हळवा होऊन बोलतो की ऐकणाऱ्याला वाटावं, जंपर यानेच बदलले.

त्याच्या दुसऱ्या कार्डाची कथा १५ सप्टेंबर २०२२ ला सुरू होते. त्या दिवशी इथेरियम या क्रिप्टोचलनाने ग्राफिक्स कार्डांवरचं आपलं मायनिंग कायमचं बंद केलं आणि मायनिंगवाल्यांची कार्डं मिळेल त्या भावात बाजारात आली. याच्याकडे एएमडीचं एक आरएक्स ५८० होतंच. त्याला जोडीदार मिळाला. एका मोठ्या कार्डापेक्षा दोन मधली कार्डं स्वस्त पडतात, हा हिशोब त्याने वहीत मांडून बायकोला दाखवला. हिशोब चोख होता. त्यात फक्त मदरबोर्ड धरला नव्हता.

मदरबोर्ड हा त्याच्या काटकसरीचा मानबिंदू. प्रोसेसरचं नाव चारचौघांत सांगता येतं, कार्ड काचेतून दिसतं. बोर्ड कोण बघतो? म्हणून बी-४५० चिपसेटचा, त्यातल्या त्यात स्वस्त बोर्ड आला आणि वाचलेल्या पैशांत रंगीत दिव्यांचे पंखे आले. खोक्यावर 'क्रॉसफायर', म्हणजे एएमडीची दोन कार्डं जोडून चालवायची सोय, असं छापलेलं होतं, आणि ते खोटं नव्हतं. दोन लांब स्लॉट, दिसायला अगदी सारखे. पण मोबाईलचा टॉर्च मारून आत बघितलं तर वरच्या स्लॉटमध्ये या टोकापासून त्या टोकापर्यंत सोनेरी पिना. खालच्यात अर्ध्याच्या आतच पिना संपतात आणि पुढे नुसतं काळं प्लॅस्टिक. वरचा स्लॉट थेट प्रोसेसरला जोडलेला, डेटाच्या सोळा लेनचा, सेकंदाला जवळपास सोळा गिगाबाइट नेणारा. खालचा चिपसेटमार्गे, मागच्या पिढीच्या चार लेनचा: सेकंदाला दोन. सोळा लेन आठ-आठ वाटून देणारे एक्स-४७० चे बोर्ड दुकानात होते, पण ते महाग म्हणून यानेच नाकारलेले. एनव्हिडियाने आठपेक्षा कमी लेनवर एसएलआयला, म्हणजे त्यांच्या अशाच जोडणीला, परवानगीच ठेवली नव्हती. एएमडीने चारवरही चालवून घेतलं, हा त्यांचा दिलदारपणा म्हणायचा की ग्राहकाची परीक्षा, हे ज्याचं त्याने ठरवावं.

दुसरं दुखणं प्रोसेसरच्या शेजारी असतं. पॉवर सप्लायचे १२ व्होल्ट उतरवून प्रोसेसरला सव्वा-दीड व्होल्ट देणारी यंत्रणा म्हणजे व्हीआरएम. विजेचा खर्च वेगाच्या प्रमाणात वाढतो, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ३.९ गिगाहर्ट्झचे ४.२ केले आणि त्यासाठी व्होल्टेज १.२५ वरून १.४ वर नेलं, तर वेग आठ टक्के वाढतो आणि वीज पस्तीस टक्के जास्त जाते. १.४ व्होल्टला १४० वॅट द्यायचे म्हणजे शंभर अँपिअर! आपल्या घराच्या मेन स्विचनेही एवढा करंट बघितलेला नसतो. स्वस्त बोर्डाचा व्हीआरएम हे काही मिनिटं सहन करतो, मग तापतो आणि प्रोसेसरचा वेग मूळ आकड्याच्याही खाली आणून ठेवतो. आपला माणूस स्क्रीनशॉट पहिल्याच मिनिटाला काढतो, तो उगाच नाही. मशीन चालूच झालं नाही तर बोर्डावरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवून बायोसच्या सेटिंग्ज पुसायच्या, यात त्याचा हात इतका बसलाय की आता लाईट लावायचीही गरज पडत नाही.

कार्डं शेजारी-शेजारी बसली की मध्ये बोटभर फट उरते. खालच्याचा गरम श्वास वरच्याच्या नाकात. प्रत्येक कार्ड १८५ वॅटचं, म्हणजे दोघांचे ३७०, आणि घरचा ६०० व्हीएचा यूपीएस देतो ३६०. पावसाळ्यात लाईट गेली की तो जो बोंबलतो, त्याने अख्खा मजला जागा होतो. "अहो, त्यातलं एक काढून ठेवलं तर नाही का चालणार?" बायको विचारते. तांत्रिकदृष्ट्या इतका अचूक सल्ला त्याला आजवर कोणी दिलेला नाही. कारण बहुतेक नव्या गेममध्ये दुसरं कार्ड नुसतं बसून असतं. २०१५ च्या डायरेक्टएक्स १२ नंतर दोन कार्डं जुंपायचं काम गेम बनवणाऱ्यांच्या गळ्यात पडलं आणि बहुतेकांनी ते टाळलं. एनव्हिडियाने २०२१ पासून एसएलआयचे नवे प्रोफाइल थांबवले; २०२२ च्या आरटीएक्स ४०९० ला तर जोडणीची जागाच ठेवली नाही. आणि आठ अधिक आठ गिगाबाइट मेमरी गेममध्ये आठच भरते.

अलीकडे त्याला नवं निमित्त सापडलंय: घरच्या घरी एआय मॉडेल चालवायचं. इथे मात्र तो बरोबर आहे, हे मान्य करायला हवं. मॉडेलचे थर दोन कार्डांत वाटता येतात, मधे फारशी ये-जा लागत नाही, चार लेनचा स्लॉटही निभावतो आणि २४-२४ गिगाबाइटची दोन आरटीएक्स ३०९० खरोखरच ४८ चं काम देतात. फक्त त्यांचे ३५०-३५० वॅट होतात. त्यासाठी त्याने नवा पॉवर सप्लाय बघून ठेवलाय. बोर्ड, अर्थात, तोच!

कधीतरी तो बोर्डही विकायला निघेल. जाहिरातीत 'फारसा वापरलेला नाही, फक्त ऑफिसचं काम' असं लिहिलेलं असेल. घ्यायला गेलात तर आधी २४ पिनांचं पॉवरचं सॉकेट बघा. एक स्लॉट कार्डाला ७५ वॅटपर्यंत देऊ शकतो, आणि दोन्ही स्लॉटचा १२ व्होल्टचा भार त्या सॉकेटमधल्या दोनच पिवळ्या वायरींवर येतो. त्या दोन घरांचं प्लॅस्टिक तपकिरी दिसलं, तर चहा घ्या आणि परत या.