चाळीस जणांच्या शिव्या

शिव्या ऐकण्याचे मला पैसे मिळतात. हे खरं उत्तर मी एकदा गणपतीत दिलं, तेव्हा समोरच्या काकांनी मोदकाची डिश खाली ठेवली. तेव्हापासून "मी टीव्हीत आहे" एवढंच सांगतो. टीव्ही म्हटलं की काकू केस सावरतात, काका पोट आत घेतात आणि मला फार बरं वाटतं. पण पुढचा प्रश्न चुकत नाही.

"टीव्हीत म्हणजे कशात?"

"नॅस्कार."

"अच्छा, ते गाड्या गोल गोल फिरवतात ते?"

हे अमेरिकेतल्या शार्लटमध्ये घडतं, बरं का. नॅस्कारचं हॉल ऑफ फेम भर शहरात आहे, बहुतेक टीमांची वर्कशॉपं आसपासच्या गावांत आहेत, आणि आमची मंडळी मात्र वर्षानुवर्षं इथं राहून "गोल गोल" वर थांबलेली. मी चिवटपणे सांगतो की सोनोमाच्या आणि वॉटकिन्स ग्लेनच्या ट्रॅकवर उजवीकडेसुद्धा वळतात. 2023 मध्ये शिकागोच्या रस्त्यांवर, ओल्या ट्रॅकवर, शेन व्हॅन गिस्बर्गेन नावाचा न्यूझीलंडचा पाहुणा आला आणि नॅस्कार कप मालिकेतल्या आपल्या पहिल्याच शर्यतीत सगळ्यांना हरवून गेला. काका "वा!" म्हणतात आणि वरणभाताच्या रांगेकडे वळतात. डावीकडेच.

सांगलीला आई याहून सरळ बोलते. इथं दुपारी अडीचला हिरवा झेंडा पडतो तेव्हा उन्हाळ्यात तिकडे रात्रीचे बारा वाजलेले असतात, त्यामुळे तिनं शर्यत अशी कधी पाहिलेली नाही; तिचं मत त्यामुळे अधिकच ठाम आहे. मी तिला कोका-कोला 600 या शर्यतीबद्दल सांगत होतो. 400 फेऱ्या, 965 किलोमीटर. तिनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "समृद्धीनं मुंबई-नागपूर 701. एवढ्यात माणूस नागपूरला जाऊन एक तृतीयांश वाट परतही येईल की रे. आणि ही पोरं पोचली कुठं?" निघाली तिथंच, आई.

तर माझं काम. ट्रॅकशेजारी ट्रकांची एक वसाहत उभी राहते, त्यातल्या एका बिनखिडकीच्या ट्रकात मी हेडसेट चढवून बसतो. शर्यतीत साधारण 36 ते 40 गाड्या. प्रत्येक ड्रायव्हरच्या कानात दोन माणसं: पिटमधला क्रू चीफ आणि स्टँडच्या छपरावर उभा असलेला स्पॉटर. ड्रायव्हरला हेल्मेटमधून आणि सीटच्या आडोशातून शेजारचं धड दिसत नाही, म्हणून छपरावरचा माणूस त्याच्यासाठी बघत असतो. आत एक आहे, अजून आत आहे, अजून आहे, क्लिअर. ताशी तीनशेच्या वेगात ड्रायव्हर त्या एका "क्लिअर"वर विश्वास टाकून गाडी वर नेतो. लग्नातसुद्धा इतका विश्वास मी पाहिलेला नाही.

हे सगळं बोलणं स्टँडमधले प्रेक्षकही भाड्याच्या स्कॅनरवर ऐकतात, म्हणजे गुपित काही नाही. आम्ही त्यातलं रंगतदार तेवढं टिपायचं, शिव्यांवर पीं वाजवायचं आणि प्रोड्यूसरच्या पुढ्यात ठेवायचं. हेडसेटवर मला नाव नाही. "रेडिओ, काय आहे तुझ्याकडे?" असा पुकारा होतो, आणि माझ्याकडे काहीतरी असतंच. गाडी लूज आहे, मागचा भाग सुटतोय, असं ड्रायव्हर कळवळून सांगतो. आम्ही ते वाजवतो. दोन फेऱ्यांनी तो खरोखरच भिंतीला घासतो. त्या क्षणी मी खुर्चीत असा रेलतो, जणू हा प्रसंग मीच लिहिला. मी नसतो तर प्रेक्षकांना काय दिसलं असतं? जाहिरातींचे चाळीस फलक, फिरताना.

इतक्या मोठ्या माणसाचं नाव पडद्यावर यायला हवं, ही माझी माफक अपेक्षा. नावं कार्यक्रमाच्या शेवटी सरकतात, तीही वेळ उरला तर. आणि वेळ उरत नाही, कारण शेवटच्या दोन-तीन फेऱ्यांत कोणीतरी आपटतो, पिवळा झेंडा पडतो, शर्यत ठरल्या अंतरापुढे लांबते आणि पुढचा कार्यक्रम दारात उभा असतो.

आता डिगरबद्दल बोलायलाच हवं. हा विषय घरी जेवताना काढायचा नाही असं बायकोनं बजावलंय, म्हणून इथं काढतो. वळणावर जमिनीत एक छोटा कॅमेरा पुरलेला असतो. गाड्या त्याच्या जवळून सुसाटतात तो शॉट अप्रतिम. 2008 मध्ये फॉक्स वाहिनीतल्या कोणाला तरी वाटलं की एवढ्यानं भागत नाही. त्या बिळातून एक कार्टून गोफर डोकं काढायला हवा. गोफर म्हणजे जमीन पोखरणारा एक कुरतडू प्राणी. त्याचं नाव डिगर. पुढच्या वर्षी शर्यतीआधी त्याच्या छोट्या कार्टून फिल्म लागू लागल्या. कंट्री गायक कीथ अर्बननं, होय, त्याच कीथ अर्बननं, त्याचं गाणं गायलं. त्याचे टी-शर्ट निघाले, बाहुल्या निघाल्या. प्रेक्षक इतके कातावले की काही वर्षांत साहेबांना बिळात परत जावं लागलं.

प्रेक्षकांचा राग शर्यतीपायी होता. माझा राग शुद्ध मत्सराचा आहे. त्या प्राण्यानं पावसात कधी केबल गुंडाळली नाही. ट्रॅक सुकेपर्यंत ट्रकात बसून गार सँडविच चावलं नाही. एकही शिवी पुसली नाही. तरी त्याला गाणं! तो कॅमेरा ज्यानं गुडघ्यावर बसून जमिनीत पुरला त्याचं नाव विचारा कोणाला. मला विचारा. मलाही ठाऊक नाही, आणि तो बहुधा शेजारच्या ट्रकातच बसला होता.

असो. शेवटच्या फेऱ्यांतल्या आपटण्यावर मी चिडतो असं म्हणालो, पण त्यातही एक हद्द असते. गाडी थांबली की ड्रायव्हरनं खिडकीची जाळी खाली सोडायची, म्हणजे मी ठीक आहे, असा रिवाज आहे. कधी कधी जाळी पडत नाही. तेव्हा माझ्या कानात फक्त स्पॉटर असतो. ठीक आहेस ना? ऐकू येतंय? बोल काहीतरी. पुन्हा तेच. त्या वेळी "रेडिओ, काय आहे तुझ्याकडे?" असं कोणी विचारत नाही, आणि विचारलं तरी मी देणार नाही.

2001 च्या डेटोना 500 ला, फॉक्सनं ती शर्यत पहिल्यांदाच दाखवली तेव्हा, मायकल वॉल्ट्रिप जिंकला. कॉमेंटरीत त्याचा थोरला भाऊ डॅरेल भावासाठी ओरडत होता. मागे शेवटच्या वळणात डेल अर्नहार्टची गाडी भिंतीला लागली होती. टीव्हीवर तो अपघात किरकोळ दिसला. अर्नहार्ट गेल्याचं जाहीर झालं तेव्हा प्रक्षेपण संपून गेलं होतं. त्याच वर्षी मान आणि डोकं धरून ठेवणारं उपकरण सक्तीचं झालं, पुढच्या वर्षापासून भिंतींपुढे धक्का शोषणारे अडसर येऊ लागले. 2020 ला त्याच ट्रॅकवर, शेवटच्याच फेरीत, रायन न्यूमनची गाडी उलटी होऊन फरफटत गेली. गाडीभोवती काळे पडदे धरले गेले. दोन दिवसांनी तो दोन्ही मुलींचे हात धरून हॉस्पिटलातून चालत बाहेर आला. मधल्या काळात काय घडलं असेल, ते कळण्यासाठी रेडिओ ऐकावा लागत नाही.

तेव्हा काका, चुकून कधी चॅनल लागलाच आणि कोणी जोरात आपटला, तर रिप्ले का दाखवत नाहीत म्हणून ओरडू नका आणि रिमोटही उचलू नका. खिडकीची जाळी पडेपर्यंत आम्ही थांबलेले असतो. तेवढा वेळ निवेदक टायरच्या झिजेबद्दल बोलतील. ऐकून घ्या.