तो पुन्हा येईल, पण कधी?

बाँडपटात रहस्य असतं असं जो म्हणतो, त्याने एकही बाँडपट पाहिलेला नसावा. कसलं आलंय रहस्य? नायक वाचणार, खलनायक मरणार आणि मरण्यापूर्वी आपला संपूर्ण बेत नकाशासकट नायकाला समजावून सांगणार, हे तिकीट काढतानाच ठाऊक असतं. 'गोल्डफिंगर'मध्ये अणुबाँब निकामी होतो तेव्हा घड्याळ नेमकं 007 वर थांबलेलं असतं. इतका वक्तशीर माणूस! आणि हाच माणूस स्वतःच्या पुढच्या चित्रपटाला मात्र सहा-सहा वर्षं फिरकत नाही. त्यामुळे माझं आता ठाम मत झालंय की बाँडपटातलं खरं रहस्य पडद्यावर नसतंच. ते दोन चित्रपटांच्या मधे असतं. तिथे पैसा कोण लावतोय, कोण कुणाला फितूर आहे, खटला कुठल्या कोर्टात आहे आणि मुळात नायक कोण आहे, यातलं काहीही कुणाला माहीत नसतं.

सुरुवातीला असं नव्हतं. 1962 मध्ये 'डॉ. नो', 1963 मध्ये 'फ्रॉम रशिया विथ लव्ह', 1964 मध्ये 'गोल्डफिंगर', 1965 मध्ये 'थंडरबॉल'. दिवाळी अंकासारखा दरसाल एक. मूळ लेखक इयान फ्लेमिंगही शिस्तीचा. दर हिवाळ्यात जमैकातल्या आपल्या 'गोल्डनआय' बंगल्यावर जायचा आणि एक कादंबरी लिहून परतायचा. आपल्या बाबुराव अर्नाळकरांना हा निव्वळ आळस वाटला असता म्हणा, कारण त्यांच्या रहस्यकथा हजाराच्या पुढे जातात. झुंजार आणि काळापहाड यांच्यावर पोसलेल्या आमच्या घरात गुप्तहेराने कसं वागावं याच्या कल्पना पक्क्या होत्या. त्याने आज गुन्हा उकलावा, उद्या वाचनालयात जमा व्हावं आणि परवा नवा गुन्हा घेऊन हजर राहावं. वर्षभर गायब राहणारा गुप्तहेर वडिलांच्या मते गुप्तहेर नव्हताच, फरारी होता.

तरी तेव्हा एक आधार असायचा. 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'पासून बाँडपटाच्या शेवटी बहुधा आश्वासन येऊ लागलं, की जेम्स बाँड परत येणार आहे, आणि पुष्कळदा कुठल्या चित्रपटात येणार तेही लिहिलेलं असे. आपल्याकडे 'मी पुन्हा येईन' 2019 मध्ये गाजलं. बाँड हे 1963 पासून म्हणतोय, आणि त्यानेही ते नेहमी ठरल्याप्रमाणे पाळलेलं नाही. 1977 च्या 'द स्पाय हू लव्ह्ड मी'च्या शेवटी पुढचा चित्रपट म्हणून 'फॉर युअर आईज ओन्ली'चं नाव झळकलं. पण त्याच वर्षी 'स्टार वॉर्स'ने गल्ले भरले, निर्मात्यांना अंतराळ खुणावू लागलं आणि प्रेक्षकांच्या वाट्याला 'मूनरेकर' आला. लोक एक चित्रपट यायची वाट पाहत होते आणि आला भलताच.

हा 'स्पाय'सुद्धा आधीच्या चित्रपटानंतर तीन वर्षांनी आला होता. कारण घरगुती. अल्बर्ट ब्रॉकोली आणि हॅरी सॉल्ट्झमन या दोघा भागीदारांचं बिनसलं आणि सॉल्ट्झमनने 1975 मध्ये आपला वाटा विकला. जगाला वाटलं, बाँडला रशियाने अडवलं. त्याला अडवलं होतं वाटणीने.

पण या मालिकेचा खरा महाखलनायक वेगळाच आहे, आणि त्याच्याकडे ना ज्वालामुखीतला अड्डा, ना पांढरी मांजर. त्याच्याकडे वकील होता. केव्हिन मॅक्लोरी नावाच्या गृहस्थांनी 1961 मध्ये दावा ठोकला, की 'थंडरबॉल'ची गोष्ट मूळ आम्ही काही जणांनी मिळून चित्रपटासाठी रचली होती आणि फ्लेमिंगने तिची परस्पर कादंबरी केली. 1963 मध्ये तडजोड झाली आणि 'थंडरबॉल'चे चित्रपट-हक्क मॅक्लोरींना मिळाले. इथे प्रकरण संपायला हवं होतं. पण ज्यांच्या घरात वडिलोपार्जित जमिनीचा दावा आहे, त्यांना हे वाक्य वाचूनच हसू आलं असेल. त्या गोष्टीबरोबर 'स्पेक्टर' ही संघटना आणि तिचा म्होरक्या ब्लोफेल्ड हेही वादात सापडले. ब्लोफेल्ड म्हणजे बाँडचा सगळ्यात मोठा शत्रू, जगाचा ताबा घ्यायला निघालेला. त्याचाच ताबा कोर्टात अडकला.

परिणाम काय झाला बघा. 1981 च्या 'फॉर युअर आईज ओन्ली'त सुरुवातीलाच चाकाच्या खुर्चीतला एक टकला माणूस दिसतो, मांडीवर पांढरी मांजर असते आणि बाँड त्याला उचलून धुराड्यात टाकतो. हा कोण, ते सबंध चित्रपटात कुणी सांगत नाही. नाव घेतलं तर वकिलाची नोटीस यायची! खलनायकाला जिवे मारणं कायद्याच्या चौकटीत बसत होतं, त्याला नावाने हाक मारणं बसत नव्हतं. मॅक्लोरींनी आपल्या हक्कांच्या जोरावर 1983 मध्ये स्वतंत्र बाँडपट काढला आणि त्यात शॉन कॉनरीला आणलं. पुन्हा कधी बाँड करणार नाही असं सांगून कॉनरी गेला होता तो 1971 मध्ये. बारा वर्षांनी परतला तेव्हा चित्रपटाचं नाव ठेवलं 'नेव्हर से नेव्हर अगेन', आणि ते सुचवलं त्याच्या बायकोने. नवऱ्याचा शब्द त्याच्याच पोस्टरवर इतक्या मोठ्या अक्षरांत मोडून दाखवणारी दुसरी बायको माझ्या पाहण्यात नाही, आणि मी हे घरात बसून लिहितोय. त्याच वर्षी उदयपुरात चित्रित झालेला 'ऑक्टोपसी' घेऊन रॉजर मूरही आला. कधी सहा वर्षांत एकही बाँड नाही आणि कधी एका वर्षात दोन, असा हा कारभार. हा तंटा शेवटी मिटला 2013 मध्ये, मॅक्लोरींच्या पश्चात. 2015 मध्ये ब्लोफेल्ड नावानिशी परतला, तेव्हा त्याला अधिकृत मालिकेतून जाऊन 44 वर्षं झाली होती. एवढ्या मुदतीत आमच्याकडे विहिरीच्या हिश्श्याचासुद्धा निकाल लागतो.

सगळ्यांत मोठा खंड मात्र पडला 1989 ते 1995 मध्ये. जूनमध्ये 'लायसन्स टू किल' आला आणि मग सामसूम. इथेही खलनायक सूटबुटातलेच. एमजीएम ही कंपनी जियानकार्लो पारेत्ती या इटालियन गृहस्थांनी विकत घेतली. खरेदीसाठी पैसा उभा करायला जुन्या बाँडपटांचे टीव्हीवरचे हक्क स्वस्तात देऊन टाकायचा घाट घातला गेला. बाँडचे मालक कोर्टात गेले. पारेत्तींना कर्ज देणारी फ्रेंच बँकही पुढे या घोळात सापडली. अणुबाँब, शार्क, लेझर किरण, पोलादी दातांचा राक्षस या सगळ्यांना पुरून उरलेला बाँड टीव्हीच्या हक्कांपुढे आडवा झाला.

या सहा वर्षांत जग कुठल्या कुठे गेलं. बर्लिनची भिंत पडली, सोव्हिएत युनियन विसर्जित झालं, म्हणजे ज्यांच्यावर पाळत ठेवायची ते दुकानच बंद झालं. आपल्याकडे अर्थव्यवस्था खुली झाली, घरोघरी केबल आली, माझं शिक्षण संपलं, नोकरी लागली, लग्नही झालं. टिमथी डाल्टन वाट पाहून 1994 मध्ये बाजूला झाला. त्याच्या जागी आला पिअर्स ब्रॉस्नन, ज्याला ही भूमिका 1986 मध्येच मिळायची होती. तेव्हा त्याची गुंडाळलेली टीव्ही मालिका वाहिनीने ऐन वेळी पुन्हा सुरू केली आणि करारात अडकलेल्या ब्रॉस्ननची बाँडगिरी हुकली. नेमणुकीचा कागद आठ वर्षं अडकतो, तरी माणूस केस नीट विंचरून हजर होतो, याचं आम्हा सरकारी नोकरांना फार कौतुक.

आणि कडी म्हणजे, ज्या गुप्तहेर खात्यासाठी बाँड 1962 पासून जिवावर उदार होत होता, ते अस्तित्वात आहे हे ब्रिटिश सरकारने कायद्याने मान्य केलं 1994 मध्ये. म्हणजे 'लायसन्स टू किल'पर्यंतची सोळा चित्रपटांची सेवा एका न-अस्तित्वातल्या कचेरीत! मी लेखा शाखेतला माणूस. माझ्या पोटात गोळाच आला. या सेवेचं निवृत्तिवेतन कुठल्या शीर्षाखाली काढणार? मोहिमेवरून परत न आलेल्या गाड्यांचं काय? प्रत्येक वेळी गाड्या-हत्यारं पुरवणारा तो क्यू बिचारा 'साहित्य धड परत आण' म्हणून विनवतो आणि हा पठ्ठ्या परत आणतो ते फार तर स्टिअरिंग. माझी खात्री आहे, त्या सहा वर्षांत बाँड कुठल्याही बेटावर नव्हता. तो लंडनच्या कचेरीत खालच्या मजल्यावर एका लाकडी बाकावर बसून ऑडिटच्या हरकतींना उत्तरं देत होता. 'मार्टिनीची 14 देयके मूळ पावतीविना सादर केली आहेत. खुलासा करावा.' फ्लेमिंगच्या 'मूनरेकर' कादंबरीत तर नियमच आहे, की डबल-ओ विभागातल्या माणसाने पंचेचाळिसाव्या वर्षी त्या कामातून बाहेर पडायचं. रॉजर मूर पंचेचाळिसाव्या वर्षी रुजू झाला आणि पुढे बारा वर्षांत सात चित्रपट करून गेला. ही मुदतवाढ कुणाच्या सहीने दिली, तेही कुणीतरी तपासलं पाहिजे.

डॅनियल क्रेगच्या काळात खंड पडणं हाच रिवाज झाला. त्याने पंधरा वर्षांत पाच चित्रपट केले. 2010 मध्ये एमजीएमने दिवाळखोरीचा अर्ज केला, त्यामुळे 'स्कायफॉल' यायला 2012 उजाडलं. 2015 मध्ये 'स्पेक्टर' आला, तर आपल्या सेन्सॉरने त्यातली चुंबनं निम्मी केली. तीन वर्षं वाट पाहायची आणि चुंबन मिळायचं अर्धं. ही तर रेशनच्या साखरेची वागणूक झाली.

मग 'नो टाइम टू डाय'. आधी दिग्दर्शक डॅनी बॉइल सोडून गेले, मग क्रेगचा घोटा दुखावला, मग करोना आला. तारखा पडत राहिल्या. एप्रिल 2020, मग नोव्हेंबर, मग एप्रिल 2021. त्या चित्रपटासाठी बिली आयलिशने गायलेलं गाणं फेब्रुवारी 2020 मध्ये बाहेर पडलं आणि मार्च 2021 मध्ये त्याला ग्रॅमी मिळालं, चित्रपटाचा पत्ता नसताना. मुलगी बघायच्या आधीच बारशाचा पेढा! अखेर 30 सप्टेंबर 2021 ला चित्रपट भारतात लागला. भारतात, पण महाराष्ट्रात नाही. आपली चित्रपटगृहं 22 ऑक्टोबरपर्यंत बंद होती. सहा वर्षं सगळ्या जगाबरोबर थांबलो होतो, त्यावर आमचे हे तीन आठवडे खास. बंगळुरात राहणारा भाचा पहिल्याच आठवड्यात पाहून आला आणि फोनवर म्हणाला, "मामा, शेवट सांगू का?" मी त्याला आईच्या शपथा घातल्या. तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, मेला तो. सगळ्यांच्या स्टेटसला आहे." वाट पाहण्यातली सारी शान एका वाक्यात गेली.

तर बाँड मेला. क्षेपणास्त्रांखाली गेला, संशयाला जागा नाही. आणि नामावली संपल्यावर पडद्यावर काय यावं? जेम्स बाँड परत येईल! मेल्यावरही आश्वासन देणारा दुसरा माणूस मी फक्त मतदार यादीत पाहिलाय.

त्यानंतर पुन्हा तेच. अ‍ॅमेझॉनने 8.45 अब्ज डॉलर मोजून एमजीएम घेतली. फेब्रुवारी 2025 मध्ये ब्रॉकोली घराणं निर्मितीची सूत्रं सोडत असल्याचं जाहीर झालं, जूनमध्ये डेनी विलनव्ह यांचं नाव दिग्दर्शक म्हणून ठरलं. नायक मागाहून. वर आधी, मुहूर्त नंतर, अशी आपली रीत. त्यांनी भटजी आधी ठरवला. पण खरं सांगायचं तर मला हाच काळ आवडतो. चित्रपट अडीच तासांत संपतो, तर्क वर्षानुवर्षं चालतात. आमच्या कट्ट्यावर नवा बाँड दर रविवारी नेमला जातो आणि पुढच्या रविवारी बडतर्फ होतो. चित्रपट आला की हे सगळं संपतं, आणि मग उरतो तो फक्त एक चित्रपट.

अडचण एकच आहे. या खंडांत बाँडचं वय वाढत नाही, ते माझ्या खात्यावर जमा होतं. रॉजर मूर माझ्या वडिलांच्या वयाचा होता, डाल्टन मामाच्या, ब्रॉस्नन थोरल्या भावाच्या. क्रेग 1968 चा, म्हणजे माझ्याच वर्गात बसला असता. 'स्कायफॉल'मध्ये तो शारीरिक चाचणीत नापास होतो आणि साहेबीण त्याला उत्तीर्ण दाखवते, तेव्हा मला इतका जिव्हाळा वाटला की मी खुर्चीत उठून बसलो, दोन्ही गुडघ्यांचा आवाज करत. आता पुढचा बाँड भाच्याच्या वयाचा असणार. तो कुठल्यातरी शहरात फूटपाथवरून सुसाट गाडी घालेल, लोक सैरावैरा पळतील आणि त्यातल्या माझ्यासारख्या एखाद्या गृहस्थाला तो ओरडेल, "काका, बाजूला व्हा!"

होईन की बाजूला. फक्त त्याने जरा लवकर यावं. आणखी सहा वर्षं लावली, तर मला इतक्या पटकन बाजूला होता येईलच असं नाही.