बुडालेले पैसे गेले कुठे?

आपला पैसा चालत जाता येईल इतक्या अंतरावर असावा, ही मराठी मध्यमवर्गाची जुनी श्रद्धा. कोपऱ्यावर सहकारी बँक, पुढच्या चौकात पोस्ट, जिन्याखाली पतसंस्था आणि संध्याकाळी दुकानं फिरणारा पिग्मीवाला. ‘काका, एफडी रिन्यू करायची ना?’ असं काउंटरपलीकडून कुणी विचारलं, की पाव टक्का कमी व्याजसुद्धा गोड लागतं.

दलाल स्ट्रीट मात्र दूर. त्यामुळे बाजार कोसळला, की एफडीवाल्यांच्या चेहऱ्यावर सात्त्विक समाधान पसरतं. पेपरात मथळा असतो: ‘गुंतवणूकदारांचे लाखो कोटी बुडाले.’ आता एवढे पैसे बुडाले, तर ते कुणी नेले? खरं म्हणजे कुणीच नेलेले नसतात. सोसायटीतला एक फ्लॅट अडचणीपोटी स्वस्तात गेला, की उरलेल्या एकोणचाळीस घरांची किंमतही कागदावर उतरते. घरं जागच्या जागीच असतात; नुकसान पक्कं होतं ते त्या भावाला विकणाऱ्याचं. बाजारातही थोड्या शेअर्सच्या सौद्यावरून सगळ्या शेअर्सची किंमत धरतात.

त्यात आपण घाबरतो ते अंकांना. 4 जून 2024 रोजी, लोकसभेच्या निकालादिवशी, सेन्सेक्स 4,389 अंकांनी पडला आणि हाहाकार झाला. 28 एप्रिल 1992 रोजी, हर्षद मेहता प्रकरणात, तो पडला 570 अंकांनीच. पण ती घसरण होती पावणेतेरा टक्क्यांची आणि 2024 ची पावणेसहाच्या आतली. मथळ्यांना टक्केवारीचं वावडं असतं, कारण तिला शून्यं कमी.

‘बाजार पुन्हा वर येतोच,’ असं सांगणारेही अर्धंच सांगतात. मार्च 2020 मध्ये सव्वीस हजारांखाली गेलेल्या सेन्सेक्सने पुढच्या जानेवारीत पन्नास हजारांना स्पर्श केला. पण 2008 च्या जानेवारीतली एकवीस हजारांची पातळी पुन्हा दिसायला 2010 ची दिवाळी उजाडली. मधल्या काळात ज्याच्या घरी लग्न निघालं, त्याला बाजाराच्या मुहूर्ताचं काय कौतुक? आणि जपानच्या निक्केईने 1989 चा उच्चांक ओलांडला तो थेट 2024 मध्ये. तोवर नवरदेवाची मुलंही लग्नाची झाली.

मग कोपऱ्यावरची बँक बरी? बरीच बरी, पण डोळे मिटून नाही. बँक बुडाली तर एका बँकेतल्या एका ठेवीदाराला पाच लाखांपर्यंत विम्याचं कवच आहे, सहकारी बँकेतही. जिन्याखालच्या पतसंस्थेला मात्र या विम्याचं छत्र नाही, मग तिचे चेअरमन आपल्याला कितीही ‘दादा, दादा’ करोत. शिवाय महागाई एफडीलाही कुरतडतेच. फक्त तिची बातमी पासबुकात छापून येत नाही.

म्हणून दोन-चार वर्षांत लागणारा पैसा चालत जाण्याच्या अंतरावर ठेवावा, आणि दहा-पंधरा वर्षं न लागणारा बाजारात, तोही एकाच शेअरमध्ये नव्हे. एवढं केलं, की उरतो तो रोज मोबाईलवर भाव बघण्याचा रोग. त्यावर उपाय आमच्या शाखेतच आहे. तिथलं पासबुक छापायचं यंत्र कायम बंद असतं. डीमॅट खात्यालाही असंच एक यंत्र जोडून द्यावं, अशी सेबीला नम्र विनंती.