ब्रेकमास्तर

अॅरिझोनातलं क्वार्टझसाइट एरवी वाळवंटातलं पेंगुळलेलं गाव. जानेवारीत मात्र उत्तरेच्या बर्फाला वैतागलेले पेन्शनर आपापली मोटरहोमं घेऊन तिथे हजारोंनी मुक्काम ठोकतात. जावयाबरोबर मीही गेलो होतो. त्या गर्दीत जागोजागी एक ब्रेकमास्तर भेटतो. खाकी अर्धी चड्डी, कमरेला टॉर्च, आणि बोलताना नजर तुमच्या तोंडाकडे नाही, तुमच्या मागच्या बंपरकडे.

त्याच्या बारा मीटरच्या मोटरहोममागे टो-बारला जोडलेली जीप असते, चारही चाकं जमिनीवर. दूध-अंडी आणायला अख्खं घर कुठे हलवायचं, म्हणून ही जीप. पण मास्तरांचा जीव जीपमध्ये नाही, तिच्या ब्रेकमध्ये.

"मागच्या गाडीला ब्रेक आहे का?" हाच त्यांचा रामराम. "मोटरहोमला आहेत की," म्हणालात की अर्धा तास गेला. मोटरहोमचे ब्रेक मोटरहोमच्या वजनापुरते. मागची जवळपास दोन टनांची जीप काही तुमच्या सांगण्याने थांबत नाही, ती पुढच्याला रेटते. कोलोराडोत आयझेनहॉवर बोगद्यातून सिल्व्हरथॉर्नकडे उतरताना सात टक्क्यांचा उतार लागतो. ब्रेक गेलेल्या ट्रकांनी शिरावं म्हणून तिथे कडेला चढाचे रस्ते काढून ठेवलेत. लोक त्या वाटेवर डोंगर बघतात, मास्तर हे चढ बघून येतात.

मग ते जीपचं दार उघडून दर्शन घडवतात. ड्रायव्हरच्या पायांच्या जागी एक पेटी. पाठ सीटला टेकलेली, पुढचा दांडा ब्रेकच्या पेडलला पकडलेला. मोटरहोम मंदावलं की पेटीला ते जाणवतं आणि ती पेडल दाबते, तेही जेवढ्यास तेवढं. पुढे हलका तर मागे हलका, पुढे करकचून तर मागेही करकचून. सरसकट एकाच जोराने दाबणाऱ्या पेट्यांचा विषय निघाला, की मास्तर घरातल्या वाया गेलेल्या पोराबद्दल बोलावं तसा आवाज खाली आणतात. शिवाय एक बारीक तार: टो-बार सुटलाच तर ती खुंटी उपसते आणि जीप स्वतःहून ब्रेक मारते. कोणत्या राज्यात किती पौंडांपुढे ब्रेक सक्तीचा, हे त्यांना तोंडपाठ. नातवंडांचे वाढदिवस मास्तरीणबाईंकडे.

निघायच्या दिवशी दिव्यांची तपासणी. मास्तर स्टिअरिंगवर, बाई जीपमागे.

"डावा?"

"लागला."

"उजवा?"

"लागला."

"ब्रेक?"

"लागला बाबा, चल!"

एवढ्यावर विश्वास ठेवतील तर ते मास्तर कसले! खात्री करायला स्वतः मागे येतात. पेडलवरचा पाय काढल्यामुळे दिवा अर्थातच विझलेला. की पुन्हा डाव्यापासून सुरुवात. बाई आता खुर्ची घेऊनच मागे जातात.

मी सांगलीकडचा म्हटल्यावर त्यांनी विचारलं, तुमच्याकडे काय ओढतात? मी म्हटलं, ऊस. एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर ऊस मावेल तेवढा.

"आणि ट्रॉल्यांचे ब्रेक?"

"बहुतेकींना नसतात."

मास्तर खुर्चीत बसले. "मग थांबता कसे?"

"ट्रॅक्टर थांबला की थांबतात. चढावर अडकलाच तर पोरगं उडी मारून चाकाखाली दगड लावतं."

बराच वेळ ते जीपकडे बघत राहिले. मग खिशातून वही काढून म्हणाले, "हा दगड... जेवढ्यास तेवढा लागतो, की एकदम?"