कडेने घ्या, काका!

सायकलवाल्याने रस्त्याच्या कडेने जावं, यावर पुण्यात एकमत आहे. मिसळीच्या बाबतीतही जे आजवर जमलं नाही, ते इथे जमलंय. रिक्षावाले, बसचालक, स्कूटरवरच्या आजी आणि आमच्या घरची मंडळी एका सुरात सांगतात, "कडेने घ्या!"

ही कड मला तोंडपाठ आहे. आधी रस्त्यापेक्षा चार बोटं खाली गेलेलं ड्रेनेजचं झाकण. मग चेंबरची जाळी, जिच्या फटी सायकलच्या टायरचं माप घेऊनच पाडलेल्या असाव्यात. मग वाळू, खडी, उखडलेले पेव्हर ब्लॉक आणि पावसाळ्यात तळं. तळ्यापलीकडून 'इथेच तर वळायचंय' असा निरागस चेहरा करून उलटी येणारी मोपेड. शेवटी ओळीने उभ्या मोटारी. त्यांचं दार उघडलं की मीटरभर जागा खातं, आणि उघडणाऱ्याला मागे बघायची सवय नसते. म्हणून उभ्या गाड्यांपासून दारभर अंतर राखायचं, हा सायकलचा पहिला नियम. नेदरलँड्समधले लोक दार पलीकडच्या हाताने उघडतात. त्यामुळे अंग आपोआप वळतं आणि मागून येणारा दिसतो. आपल्याकडे पलीकडचा हात मोबाइलला दिलेला असतो.

ब्रिटनच्या हायवे कोडने तर 2022 मध्ये सायकलस्वारांना लेखीच दिलं: शांत रस्त्यावर, संथ वाहतुकीत, चौकाजवळ किंवा रस्ता अरुंद होतो तिथे लेनच्या मधोमध चालवा, गाड्या वेगात असतील तर त्यांना जाऊ द्या, पण तेव्हाही कडेपासून निदान अर्धा मीटर आत राहा. यामागचं कारण साधं आहे. कडेला चिकटलेला माणूस चालकाच्या नजरेत भरत नाही, आणि भरला तरी 'निघेल गाडी इथून' असा मोह होतो. डावीकडे वळणाऱ्या बसच्या पोटाशी जो सापडतो, तो बहुधा असाच कडेने आलेला सज्जन असतो.

मी हे टिळक रोडवर आचरणात आणलं. शेजारी रिक्षा आली.

"काय काका, रस्ता विकत घेतलाय का?"

"छे हो, भाड्याने. चौकापर्यंतच."

बाथ विद्यापीठातल्या इयान वॉकर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 2006 साली सायकलला अंतर मोजणारं यंत्र लावून गाड्या किती जवळून जातात ते नोंदवलं. मग लांब केसांचा टोप घालून पुन्हा मोजलं. मागून बाई दिसल्यावर गाड्या सरासरी 14 सेंटीमीटर जास्त लांबून गेल्या. म्हणजे मागच्या चालकाला काय दिसतं, यावर आपलं आयुष्य अवलंबून. मी घरी टोपाचा विषय काढून पाहिला. "आधी दूध आणा," असं उत्तर मिळालं.

उपाय सापडला तो आमच्या पाववाल्याकडे. त्याच्या कॅरिअरवर पत्र्याची भलीमोठी पेटी. त्याने कधी हायवे कोड वाचला नाही, तरी तो कडेपासून बरोबर तीन फूट आत चालतो, आणि मोठमोठ्या गाड्या त्याला वळसा घालून जातात. मी रहस्य विचारलं. तो म्हणाला, "कडेला गेलो तर पेटी घासते, साहेब. आणि जवळ आले तर त्यांची गाडी घासते."

माणसाला धक्का लागला तर 'दिसत नाही का' असं माणसालाच विचारता येतं. पत्र्याचा कोपरा लागला तर दाराचा रंग जातो, आणि त्यावर समोरच्याकडे इलाज नसतो.

आता माझ्याही कॅरिअरवर तशीच पेटी आहे, रिकामी. गाड्या हातभर लांबून जातात, हॉर्नसुद्धा जरा अदबीने वाजतो. फक्त सिग्नलला थांबलो की शेजारची स्कूटर हळूच जवळ सरकते आणि विचारते, "काका, खारी ताजी आहे ना?"